बुजवलेला चर

फोन आला तेव्हा लखीराम आडे वाशीमच्या पुसद नाक्यावर, हायड्रॉलिक पाइपच्या दुकानापुढे, पोकलेनचा फुटलेला पाइप हातात धरून उभा होता. नंबर लांबलचक, पुढे अधिक एकतीस. विमावाले असतील असं वाटून त्यानं तो उचलला. पलीकडून एका बाईनं पुण्याकडच्या स्वच्छ मराठीत विचारलं, "लखीराम सोमला आडे बोलताय का आपण?" बापाच्या नावासकट त्याला कुणी विचारल्याला बारा वर्षं झाली असतील, तेव्हा तो पासपोर्टच्या खिडकीपुढे उभा होता. तो "हाव" म्हणाला. बाई म्हणाली, माझं नाव वैभवी, मी फक्त दुभाषी आहे, शेजारी तपास अधिकारी हान्ना मॅडम बसल्या आहेत, त्या बोलतील तेच मी मराठीत सांगणार. आम्ही नेदरलँडमधल्या, हेगच्या कोर्टाकडून बोलतोय. मग तिनं एका कंपनीचं नाव घेतलं, एक साल सांगितलं आणि शेवटी एका गावाचं नाव. कंपनीतले सगळे ड्रायव्हर ते नाव मोडूनतोडून घ्यायचे, तिनं ते नीट घेतलं, त्यामुळं ते ओळखायला लखीरामला क्षणभर वेळ लागला. ओळखल्यावर तो म्हणाला, "राँग नंबर," आणि फोन कापला. कापल्यावर ध्यानात आलं, नावाला तर आपण हो म्हणून बसलोय.

पाइपातलं तेल त्याच्या पँटवर ठिबकत होतं. दुकानदारानं पाइप हातातून घेतला तरी बोटं तशीच वळलेली राहिली. नाक्यावर नेहमीसारखंच चाललं होतं. पुसदकडची एसटी वळण घेत होती, रसवंतीवाला चिपाडं बाजूला करत होता, आणि लखीराम दुकानाच्या पायरीवर बसून आपल्या डाव्या तळहाताकडं पाहत होता. त्यानं मूठ मिटली, मांडीखाली दाबून ठेवली. आठ वर्षं झाली, तो स्वतःशी म्हणाला. आठ वर्षांत जमिनीवर काय काय बांधलं जातं. त्याला वाटून गेलं होतं की तिथंही आता काहीतरी उभं राहिलं असेल, शाळा, दुकान, निदान रस्ता. म्हणजे वर कुणी चालत असेल.

मेडशीजवळच्या तांड्यातला हा माणूस. बाप सोमला दरसाल दिवाळीनंतर बायको-पोरं बैलगाडीत घालून ऊसतोडीला जायचा आणि पाडव्याच्या आसपास परत यायचा. सोमलाची पाठ गेली तेव्हा लखीराम कालव्याच्या कामावर पाणी वाटत होता. तिथंच एका ऑपरेटरनं त्याला मशीनवर बसवलं, आणि महिन्याभरात कळलं की या पोराचा हात चांगला आहे. बकेट कुठं थांबवायची हे त्याला डोळ्यांआधी हाताला समजायचं. पुढं एका एजंटमार्फत तो परदेशी गेला. तांड्यात सगळ्या परदेशाला दुबईच म्हणतात, म्हणून त्याची आई हिरीबाई सांगायची, "मायं पोरगं दुबईत हाय." दुबई त्यानं फक्त विमान बदलताना पाहिली. पुढचा देश वेगळा होता आणि तिथं लढाई चालली होती, पण कंपनीचं काम रस्त्याचं, रस्ता लढाईपासून लांब, असं सांगितलं गेलं. मग लढाईच रस्त्याजवळ आली. कोण कुणाशी लढतंय हे त्याला कधी नीट कळलं नाही. नाक्यावरचे गणवेश बदलायचे, झेंडे बदलायचे, मेसमध्ये रोटी तीच यायची.

घरी भिंतीवर एक फोटो होता. पिवळ्या पोकलेनच्या पट्ट्यावर एक पाय ठेवून लखीराम उभा, डोळ्यांवर उसना गॉगल, मागं धान्याचं लांबट गोदाम आणि गोदामाच्या अलीकडं नुकताच खणलेला सरळ चर. चाळीस मीटर लांब, अडीच मीटर खोल. पाइपलाइनसाठी आहे असं फोरमन म्हणाला होता. दोरी न लावता एवढा सरळ चर काढला म्हणून लखीराम स्वतःवर खूश होता, आणि बरोबरच्या नेपाळ्यानं तो फोटो काढला. मंगळवार होता तो. फोटो त्याच संध्याकाळी घरी पोचला, रंजीतानं मोठा करून फ्रेम केला, आणि सहा वर्षांनी त्यांची मुलगी वैष्णवी कॉलेजात गेली तेव्हा तिनं तो फेसबुकवर टाकला: माझे पप्पा. एकशे बारा जणांना तो आवडला होता. परत आल्यावर हा फोटो काढून टाक असं तो एकदोनदा म्हणाला, पण काढायचं कारण सांगता आलं नाही. मग आठ वर्षं तो त्याच्याखाली बसून जेवला.

दुसऱ्या दिवशी इंझोरीला मारोतरावांच्या शेतात काम होतं. जुनी पडकी विहीर, त्यात मागच्या साली एक गोऱ्हा पडून मेला, म्हणून ती बुजवायची. लखीरामनं काठावरचा मुरूम आत लोटला, मग माती, मग दगडांचा भर. दुपारपर्यंत जमीन सपाट झाली. मारोतराव बांधावरून उठून आले. "आता वरतून बकेटनं दाबून दे ना बाप्पा. एका पान्यात खचून जाईल ते."

"दाबनं होत नाई माह्याकडून," लखीराम म्हणाला.

"काहून? सगळे ऑपरेटर तं दाबून देतात."

"ट्रॅक्टर फिरवा तुमी. दोन फेऱ्यांत बसते माती."

मारोतराव त्याच्याकडं पाहत राहिले आणि म्हातारी माणसं पुटपुटतात तसं काहीतरी पुटपुटत परत गेले. चांगला ऑपरेटर आहे पण काम अर्धं सोडतो, असं त्याच्याबद्दल आसेगावापर्यंत बोललं जायचं. बकेटची पाठ मातीवर टेकवून वजन द्यायचं, उचलायचं, पुन्हा द्यायचं, एवढंच ते असतं. वजन दिलं की खालून माती थोडं उत्तर देते. ती दबते, मग किंचित वर येते, मग बसते. लिव्हरमधून ते हाताला कळतं. परत आल्यापासून त्याला ते नको असायचं. आपल्याला नको आहे याचंही त्याला कधी नवल वाटलं नाही. कुणी कारलं खात नाही, तसं ते होतं.

केबिनमध्ये फोन वाजला नाही, नुसता हलला. मेसेज होता. भिंतीवरचाच फोटो, पण आता गॉगल अर्धा कापलेला, आणि मागच्या चराभोवती लाल गोल. खाली मराठीत लिहिलं होतं: तुमच्यावर कुठलाही आरोप नाही. बोलायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं. तो गोल त्यानं पुष्कळ वेळ पाहिला. आपल्या फोटोत चर आपल्या मागं आहे, आपण त्याच्या पुढं आहोत, असं इतकी वर्षं त्याला वाटायचं. गोल काढल्यावर चरच पुढं आला, आणि आपण मधे येऊन उभा राहिलेला कुणी माणूस झालो.

रंजीता घरी शिलाई करायची. त्यांच्या घरात गोरमाटी ही तांड्याची बोली आणि वऱ्हाडी अशी सरमिसळ चालायची, पण गंभीर काही असलं की दोघं वऱ्हाडीतच बोलत, का कुणास ठाऊक. त्यानं फोन तिच्यापुढं धरला.

"हा तं आपलाच फोटो हाय," ती म्हणाली. "गोल कोनं केला त्याच्यावर?"

"कोर्टानं. परदेशातल्या."

"तुमी काय केलं होतं?"

"चर खनला. दोन दिवसानं बुजवला."

"त्याच्यात काय होतं?"

"मानसं."

तिनं पायडलवरचा पाय काढला. सुई कापडात रुतलेलीच राहिली. "मेलेले?"

"हाव," लखीराम म्हणाला.

तिनं भिंतीकडं पाहिलं. मग उठली, स्टूल घेतलं, फ्रेम खाली काढली आणि पदरानं काच पुसून ती कपाटात, गोधड्यांच्या मागं ठेवली. भिंतीवर फिकट चौकोन राहिला. "त्याईच्या घरच्यायले माईत असन का?" तिनं विचारलं. हा प्रश्न त्याच्या मनात कधी आलाच नव्हता. त्या माणसांना घरं असतील हे आठ वर्षांत एकदाही त्यानं मनात येऊ दिलं नव्हतं. ती त्याला चरात सुरू होऊन चरात संपलेली माणसं वाटायची. संध्याकाळी वैष्णवी कॉलेजातून आली, तिला कळलं, आणि ती रडायला लागली, "मीच टाकला होता फोटो, पप्पा." तो तिला म्हणाला, "तू काय केलं? तू तं बापाचा फोटो टाकला." नंतर त्यानं अधिक एकतीसला मेसेज केला: या.

त्या दोघी वाशीमला यायला तीन आठवडे लागले. अकोला रोडवरच्या एका लॉजमध्ये वरच्या मजल्यावर खोली घेतली होती. रंजीता सोबत आली, पण तिला आत बसता येणार नव्हतं. ती बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसली. हान्ना मॅडम उंच होत्या, केस पांढरे व्हायला लागलेले, दुधाशिवायचा चहा पीत होत्या. वैभवी त्याच्या अंदाजापेक्षा लहान निघाली, वैष्णवीपेक्षा चारपाच वर्षांनीच मोठी. टेबलावर रेकॉर्डर, त्याचा लाल ठिपका. पहिला अर्धा तास हक्क सांगण्यातच गेला. तुम्ही साक्षीदार आहात. कधीही उठून जाऊ शकता. एखाद्या उत्तरानं दोष तुमच्या अंगावर येईल असं वाटलं तर ते उत्तर द्यायचं तुमच्यावर बंधन नाही. हे शेवटचं वैभवीनं दोनदा सांगितलं आणि विचारलं, "कळलं ना?" तो कळलं म्हणाला. उत्तर न देण्याचं ते दार कुठं आहे हे त्यानं मनात बघून ठेवलं.

मग तो बोलला. बोलणं त्याला वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. गुरुवारी सकाळी सात वाजता जीप आली. गणवेशातले दोघं होते, फोरमन मागं बसलेला, तो नजर देईना. मशीन गोदामामागं न्यायला सांगितलं. चरात ताडपत्र्या टाकल्या होत्या, निळ्या, कोपरे वाऱ्यानं फडफडत होते, आणि ताडपत्र्यांच्या खालचा आकार पाहूनच त्याला कळलं. गणवेशातला एक जण बंदूक घेऊन मशीनच्या पट्ट्यावर चढला आणि केबिनच्या दाराशी शेवटपर्यंत उभा राहिला. त्याच्या अंगाला लसणाचा वास येत होता. लखीरामनं पूर्वेकडून सुरुवात केली. पाऊण तास लागला. शेवटी बकेटनं माती दाबली. फोरमननं त्याला त्या दिवशी लवकर सुट्टी दिली. हान्ना मॅडम लिहीत होत्या. प्रश्न बारीक बारीक होते: ताडपत्र्या किती, जीपचा रंग काय, टोप्यांवर चिन्ह होतं का. वैभवी त्याचं बोलणं इंग्रजीत सांगताना "तो" म्हणत नव्हती, "मी" म्हणत होती. लखीरामला तेवढं इंग्रजी येत होतं. आय, आय, असं त्याच्या कानावर येत होतं. कानात मोती घातलेली, ओढणी नीट पिन केलेली ती पोरगी त्याच्या जागी केबिनमध्ये बसून माती लोटत होती.

एकदा ती थांबली. "लखीरामजी, तुम्ही बुजवलं म्हणता. मला इंग्रजीत नेमका शब्द द्यायचाय. बुजवलं की पुरलं?"

त्यानं विचार केला. "चर बुजवला," तो म्हणाला. "मानसं पुरली."

हान्ना मॅडमनी चहाचा कप बाजूला केला आणि एक कागद काढला. दोन वर्षांपूर्वी तो चर उघडला गेला होता. एकतीस जण. सत्तावीस जणांची ओळख पटली. त्यातला एक शाळेच्या बसचा ड्रायव्हर, वय सव्वीस. पकडला जायच्या आठ दिवस आधी त्याचा डावा हात मोडला होता, कोपरापर्यंत प्लॅस्टर होतं. हाडांसोबत ते प्लॅस्टर सापडलं. त्याची आई अजून जिवंत आहे. ती सांगते की पकडल्याच्या दुसऱ्या दिवशीही मुलाला कुणीतरी जिवंत पाहिलं होतं. डॉक्टरांना त्याच्या कवटीवर किंवा छातीवर गोळीची खूण मिळाली नाही. म्हणून मी तुम्हाला विचारते, वैभवी म्हणाली, आणि मग पुन्हा हान्ना मॅडमकडं पाहून तिनं वाक्य नीट करून सांगितलं, "त्या चरात कुणाची हालचाल तुम्ही पाहिली का? या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही तरी चालेल."

खोलीतला पंखा एका बाजूला ओढत फिरत होता. प्लॅस्टर पांढरं होतं. त्यावर निळ्या शाईनं काहीतरी लिहिलेलं होतं, पोरं लिहितात तसं, शाळेतली पोरं, आता कळलं की बसमधली पोरं असतील. हे त्यानं इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, आणि तो विसरलाही नव्हता. तो म्हणाला, "मले जरा भायेर जाऊ द्या."

व्हरांड्यात रंजीता बाकावर पाय वर घेऊन बसली होती. खाली रस्त्यावर सोयाबीनची पोती भरलेला ट्रॅक्टर उभा होता. तो तिच्या शेजारी बसला. "म्या तुले खोटं सांगतलं," तो म्हणाला. "एक जन जित्ता होता."

तिनं पाय खाली घेतले आणि बाकावर पलीकडं सरकली, एका माणसाला बसता येईल एवढी. ती जागा दोघांच्या मधे राहिली. लखीरामला वाटलं, ही आता उठून जाईल, जिना उतरेल, स्टँडवर जाऊन मेडशीची गाडी धरेल. आणि ते बरोबर असेल. गेली आठ वर्षं आपल्या हाताला लागलेली माती हिच्या ताटातल्या भाकरीपर्यंत आली होती. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"तुमाले धरून नेतीन?"

"माईत नाई. नाई म्हनतात."

"मंग मले सांगून काय फायदा," ती म्हणाली. "त्याच्या मायले सांगा."

तो आत गेला. खुर्चीवर बसला नाही, उभ्यानंच बोलला, शाळेत गुरुजींपुढं बोलावं तसा. "ताडपत्री वाऱ्यानं सरकली होती. तो जित्ता होता. त्यानं प्लॅस्टरचा हात वर केला. म्या पायला. म्या मशीन थांबवलं. त्या मानसानं बंदुकीनं काच ठोकली, दोन डाव. मंग म्या बकेट खाली केली."

वैभवीनं पाण्याचा ग्लास उचलला, पाणी प्यायली नाही, ठेवला. मग हळू आवाजात, प्रत्येक शब्द वेगळा ठेवत तिनं ते सांगितलं: आय, आय, आय. हान्ना मॅडमनी लिहिलं. मग त्यांनी विचारलं, "त्यानंतर?"

"मंग हात दिसला नाई."

संध्याकाळी त्याला सगळं मराठीत वाचून दाखवलं गेलं. तेवीस पानं होती. प्रत्येक पानाखाली त्यानं सही केली, ख ला वेलांटी न देता, जशी तो पहिल्यापासून करायचा. बाहेर पडताना त्याला वाटलं होतं की हलकं वाटेल, सिनेमात माणसाला वाटतं तसं. वाटलं नाही. भूक मात्र लागली. दोघांनी स्टँडजवळ उभ्या उभ्या कचोरी खाल्ली, आणि रंजीता म्हणाली, "तिखट हाय," आणि तो म्हणाला, "हाव." घरी गेल्यावर तिनं दोन अंथरुणं वेगळी घातली. महिनाभर ती तशीच होती. नंतर एका दिवशी नव्हती.

साक्ष पाच महिन्यांनी झाली, वाशीमच्याच कोर्टातल्या एका बाजूच्या खोलीतून, पडद्यावर. त्याचं नाव कुठं येणार नव्हतं. त्याला एक आकडा दिला होता. तिकडं त्याचा चेहरा पुसट दिसणार आणि आवाज बदलून जाणार होता. वैभवी त्याच्या शेजारी बसली. पडद्यावर न्यायाधीश होते, काळ्या झग्यातले वकील होते, आणि एका कोपऱ्यात आरोपी. लखीरामनं त्या माणसाला आयुष्यात कधी पाहिलेलं नव्हतं. राखाडी कोट घातलेला, खोकणारा, कानाला यंत्र लावलेला म्हातारा. म्हणे त्याच्या हुकमावरून झालं. लसणाचा वास येणारा तो कुठं होता, फोरमन कुठं होता, हे कुणी सांगितलं नाही. आरोपी पाणी प्यायला की दोन्ही हातांनी ग्लास धरायचा.

आरोपीच्या वकिलानं विचारलं, "तुम्हाला मशीन बंद करता आलं असतं?"

"हाव. किल्ली माह्या हाताशीच होती."

"मग का नाही केलं?"

"मले मारलं असतं."

"हे तुम्हाला खात्रीनं माहीत आहे?"

या प्रश्नावर त्यानं आठ वर्षं घालवली होती. खात्री आहे म्हटलं की झोप यायची. "नाई," तो म्हणाला. "मले माईत नाई." वकील खाली बसला. आपल्याला हवं ते मिळालं की नाही हे त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

मग मेलेल्यांच्या घरच्यांतर्फे एक बाई उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, मला एकच प्रश्न आहे, आणि तो त्या ड्रायव्हरच्या आईचा आहे. शेवटी तुम्ही पाहिलं तेव्हा त्याचं तोंड कुठल्या दिशेला होतं?

खणणाऱ्या माणसाला दिशा विचारावी लागत नाही. सूर्य उजव्या खिडकीत होता, चर पूर्वपश्चिम, मशीन त्याच्या काठावर. "मी दक्षिनेच्या काठावर होतो," लखीराम म्हणाला. "त्याचं तोंड दक्षिनेले होतं." पडद्यावरच्या बाईंनी मान हलवली, ते लिहून घेतलं आणि आभार मानले. न्यायाधीशांनीही आभार मानले. पडदा निळा झाला.

कानातलं यंत्र काढताना त्यानं वैभवीला विचारलं, "हे काहून इचारलं तिनं?"

"त्यांच्यात माणसाला पुरतात तेव्हा तोंड मक्केतल्या काब्याकडं करतात," वैभवी म्हणाली. "त्या देशातून ते दक्षिणेला येतं. तिला तेवढं हवं होतं. बरं झालं."

तो पायऱ्या उतरून खाली आला. आवारात कडुनिंबाखाली रंजीता उभी होती, हातात पाण्याची बाटली. कोर्टाची दुपारची गर्दी ओसरली होती, स्टँपवाले डबे आवरत होते. आत काय काय विचारलं असं तिनं विचारलं, आणि त्यानं सांगितलं. वकिलाचं सांगितलं, मग आईचं. तोंड दक्षिणेला होतं असं सांगितल्यावर त्या बाईच्या मनासारखं झालं म्हणे, हेही सांगितलं. रंजीता ऐकत होती.

"तो दक्षिनेकडं पाहून राह्यला होता?" तिनं विचारलं.

"नाई. माह्याकडं पाहून राह्यला होता. मी दक्षिनेले होतो."

तिनं बाटलीचं झाकण फिरवलं, पुन्हा उघडलं. "अन् बोलला काय? माय असती तं मी हेच पयले इचारलं असतं."

कडुनिंबाची पानं वाऱ्यावर खाली येत होती, आणि तो पाहत होता. इतक्या वर्षांत तो हातच पाहत आला होता. हात पांढरा होता, त्यावर शाई होती, हात वर आला होता, म्हणून सगळी नजर हातावर. हाताच्या खाली चेहरा होता. चेहऱ्यावर माती होती, आणि तोंड उघडत होतं, मिटत होतं, उघडत होतं. एक शब्द नव्हता तो, पुष्कळ होते. केबिनची काच बंद होती, इंजिन चालू होतं, आणि लखीरामनं मशीन थांबवलं होतं म्हणजे नुसती बकेट थांबवली होती. इंजिन त्यानं बंद केलं नव्हतं.

तो वळला आणि पायऱ्या चढायला लागला. वर खोलीत कर्मचारी वायरी गुंडाळत होता. वैभवी पर्स खांद्याला अडकवून उभी होती.

"मॅडम, एक राह्यलं."

"आता तिकडचं कोर्ट उठलं, लखीरामजी," ती म्हणाली. "आता काही बोलता येणार नाही. हवं तर लिहून देता येईल. पण एवढं महत्त्वाचं आहे का? त्यांना हवं ते मिळालंय. ती बाई आता शांत झाली असेल."

"थे मले माईत नाई," लखीराम म्हणाला. "कागद द्या."

तिनं वहीतला कागद फाडून दिला. तो टेबलाशी बसला. तारीख घातली, आपला आकडा घातला, आणि आठवीपर्यंत शिकलेल्या मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहायला लागला. तो काहीतरी बोलत होता. पुष्कळ वेळ बोलत होता. माझं इंजिन चालू होतं म्हणून मला ऐकू आलं नाही. मला बंद करता आलं असतं.